आजी, नातीला शिरवळला जाऊ द्या



या सदराकडे येणारी पत्रे बहुतेक करून नोकरी, लग्न, शिष्यवृत्ती आणि सासर-माहेर यांचीच असतात. गेल्या पंधरवड्यात मात्र एक वेगळेच पत्र हाती आले. हातकणंगले तालुक्यातल्या एका गावाहून आलेले. सांगणार आजी, लिहिणार नात, आणि तक्रार नातीविरुद्धच! पोरीने आजीचा एकही शब्द गाळलेला दिसत नाही. शेवटी स्वतःची एकच ओळ तिने जोडली आहे, "आजीचं म्हणणं जसंच्या तसं लिहिलं आहे, आता तुम्हीच काय ते सांगा." स्वतःविरुद्धची फिर्याद इतक्या सरळपणे लिहून देणारी पोर आम्ही तरी पहिल्यांदाच पाहिली.

आजींचा मजकूर असा :

"माझा ल्योक शिरोलीला फौंड्रीत कामाला हाय. नात बारावी सायन्स शिकली. नीटच्या परीक्षेत बरं मार्क पडल्यात म्हनं. पर तिला जनावरांची डाक्टर व्हायचंय, शिरवळला जायाचंय. मी म्हनलं, मानसाची डाक्टर हुईना तर नर्स हो, मास्तरीन हो. माझ्या सासऱ्यानं उभा जलम गावची मेलेली ढोरं वडली. मी लगीन हून आले त्याच साली म्हाताऱ्याच्या हाताला काळी पुळी उठली. दुकत नव्हती, पर हात सुजला, ताप चडला, आन आट दिसांत म्हातारा गेला. त्या बारीला वस्तीनं ढोरं वडायचं सोडलं. गावानं दोन वर्सं आमाला शेतावर बलिवलं न्हाई. उपाशी ऱ्हायलो, पर सोडलं ते सोडलं. आता ह्या पोरीनं परत ढोराच्याच शेपटीला लागायचं व्हय?"

आजी, तुमचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शहरात वाढलेली मंडळी म्हणतील, म्हातारीला काय कळतंय, व्हेटरनरी डॉक्टर म्हणजे केवढी मोठी पदवी! पण ज्यांच्या घरातला माणूस त्या कामात गेला, दोन वर्षे ज्यांच्या चुलीला धग लागली नाही, त्यांना ढोर या शब्दाचाच विटाळ वाटला तर त्यात नवल काय? हा विटाळ गावाने आपल्यावर लादलेला नव्हे, आपण स्वाभिमानाने धरलेला आहे. म्हणून त्याला उत्तर द्यायचे तर तेही आदराने दिले पाहिजे.

थोडे मागचे सांगतो, कारण आमच्या तरुण वाचकांना हे ठाऊक नसते. गावातले जनावर मेले की ते ओढून गावाबाहेर नेणे हे महाराचे वतनी काम होते. त्याला मजुरी नव्हती. बलुत्यात काय मिळेल ते. आपल्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतन रद्द केले. पुढे मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली. कायदा कागदावर झाला, तरी गावाची रीत त्यानंतरही कित्येक ठिकाणी चालूच राहिली, हे आजींच्या पत्रावरूनच दिसते. बाबासाहेबांनी मात्र कायद्याची वाट पाहिली नाही. महाडच्या १९२७ च्या परिषदेपासून त्यांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, ओढणे सोडा, असे बजावून सांगितले. त्यावर काही शहाण्यांनी वर्तमानपत्रांतून हिशेब मांडला, की कातडे, शिंगे, हाडे, खूर विकून वर्षाला पाचशे रुपये मिळतात, ते उत्पन्न हा माणूस आपल्याच लोकांचे बुडवतो आहे! १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी हा किस्सा सांगितला होता. त्यांचे उत्तर थोडक्यात असे, की एवढा फायदा आहे तर तुम्हीच ओढा, वरचे पाचशे रुपये मी माझ्या पदरचे देतो. अर्थात कोणी पुढे आले नाही.

आता काळ्या पुळीविषयी. आजी, तुमच्या सासऱ्यांना झाले ते काय होते, हे इतक्या वर्षांनी कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. परंतु जी लक्षणे तुम्ही सांगितलीत, ती काळपुळी या रोगाशी तंतोतंत जुळतात. इंग्रजीत याला अँथ्रॅक्स म्हणतात. हा मुळात जनावरांचा रोग. गाय, म्हैस, शेळी, मेंढी धडधाकट दिसता दिसता पटकन मरते, आणि पुष्कळदा नाकातून, गुदद्वारातून काळे, न गोठणारे रक्त येते. असे जनावर ओढताना, सोलताना हाताला खरचटलेले असले की त्यातून जंतू आत शिरतात. तेथे पुळी येते, मध्ये काळी खपली धरते, आणि ती दुखत नाही! दुखत नाही म्हणूनच माणूस दुर्लक्ष करतो. आज पेनिसिलिनसारख्या औषधांनी हा रोग वेळीच बरा होतो. उपचार झाला नाही तर पाचातला एखादा दगावतो. म्हातारबाबा त्या एखाद्यातले निघाले.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. असे मेलेले जनावर फाडायचेच नसते. या जंतूला बाहेरची हवा लागली की तो स्वतःभोवती टणक कवच करतो आणि मातीत वर्षानुवर्षे, दशकानुदशके जिवंत राहतो. पुढे त्याच जागी चरणाऱ्या जनावराला तो धरतो. म्हणून न फाडता, खोल खड्ड्यात, चुना टाकून पुरायचे किंवा पुरते जाळायचे. हे ज्ञान गेल्या शतकाच्या आधीपासून पुस्तकांत होते. पण ज्या हातांनी गावची जनावरे ओढली आणि सोलली, त्या हातांपर्यंत ते कोणी पोचवले नाही. गावाला काम हवे होते, काम करणारा जगला काय आणि मेला काय, त्याचे कोणाला सोयरसुतक नव्हते.

तर आजी, तुमची नात शिरवळला जाऊन जे शिकणार आहे, त्यात हेही आहे. मेलेले जनावर कशाने मेले ते कानातल्या रक्ताच्या एका थेंबावरून, काचेच्या पट्टीवर, दुर्बिणीतून ओळखणे. आणि गावाला दरडावून सांगणे की याला कोणी हात लावायचा नाही. सासऱ्यांना ते सांगणारे तेव्हा कोणी नव्हते. उद्या पाटलाच्या गोठ्यासमोर उभे राहून ते सांगायचा अधिकार तुमच्या नातीला सरकारी शिक्क्यानिशी मिळणार आहे. एकच जनावर, पण त्याच्या कोणत्या बाजूला कोण उभे आहे, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

असो. पत्रात आणखी एक गोष्ट आहे, आणि आजींनी ती तक्रारीच्या सुरात सांगितली असली तरी आम्हाला त्यातच या पोरीचे पाणी दिसले. नववीत असताना तिने शाळेतून एक "मॉडेल" केले होते. आजींच्या शब्दांत, "कडबा कापायच्या यंत्राला लोहचुंबक बांधून बसली. बापानं भंगारातनं जुन्या स्पीकरचं चुंबक आनून दिलं. सरकारनं त्याला धा हजार दिलं. धा हजाराच्या पायी पोरगी बिघडली."

पोरगी बिघडली नाही, आजी! ती कशी घडली ते आता वाचकांना सांगतो, कारण हे पुष्कळ घरांच्या उपयोगाचे आहे.

गाय-म्हैस चारा चावत बसत नाही, भराभरा गिळते आणि मग सावकाश रवंथ करते. त्यामुळे चाऱ्यात तार, खिळा, चुका असला तर तो कळायच्या आत पोटात जातो. जनावराच्या पोटाचे चार कप्पे असतात. जड वस्तू त्यातल्या जाळीदार कप्प्यात जाऊन पडते. या कप्प्याच्या पुढे पातळसा पडदा आणि पडद्यापलीकडे लगेच काळीज. कप्पा आकुंचन पावला की तार थोडी थोडी पुढे रुतते. जनावर खात नाही, कण्हते, बसायला मागत नाही, पुढचे पाय फाकवून उभे राहते. गाभण असेल तर वासराच्या भाराने तार आणखी रेटली जाते. काळजाला टोचली की संपले. कोल्हापूर हा फौंड्रीचा जिल्हा, पलीकडे इचलकरंजीला यंत्रमाग. लोखंडाचा चुरा, तारेचे तुकडे, ऊस बांधलेल्या तारा कुठे नाहीत? त्यात कडबाकुट्टी यंत्र आले, म्हणजे एका तारेचे दहा टोकदार तुकडे व्हायची सोय झाली. अमेरिकेत या रोगावर गाईच्या पोटातच कायमचे लोहचुंबक सोडायची पद्धत कित्येक दशकांपासून आहे. लोखंड त्याला चिकटून बसते, पुढे सरकत नाही. या पोरीने विचार केला, की पोटात गेल्यावर पकडण्यापेक्षा यंत्रातून चारा पडतो तिथेच पकडले तर? बाप फौंड्रीत, त्यामुळे चुंबक कुठे मिळेल आणि लोखंड कसे वेगळे काढतात हे घरातच माहीत. तिने पन्हाळीखाली चुंबक बसवले आणि आठ दिवसांत काय काय चिकटले ते कागदावर चिकटवून शाळेत नेले.

हे जे "सरकारचे दहा हजार" म्हणून आजी म्हणतात, ती इन्स्पायर-मानक नावाची योजना. केंद्र सरकारचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि गुजरातमधील राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान ती चालवतात. आधी सहावी ते दहावीच्या मुलांसाठी होती, आता बारावीपर्यंत वाढवली आहे. मुलांनी स्वतःची एक कल्पना सांगायची, शाळेने ती संगणकावरून पाठवायची. निवड झाली तर मॉडेल करण्यासाठी दहा हजार रुपये थेट मुलाच्या बँक खात्यात येतात. पुढे जिल्हा, राज्य आणि देश अशी प्रदर्शने. यात अट एकच आडवी येते, ती म्हणजे कल्पना शाळेमार्फतच जावी लागते. कित्येक शाळांत मुख्याध्यापकांना सवड नसते किंवा दरवर्षी ठराविक घरच्या मुलांचीच नावे जातात. तेव्हा पालकांनी जूनमध्ये शाळा सुरू होताच जाऊन विचारावे, "गुरुजी, इन्स्पायरला यंदा आपल्या शाळेतून कोणाच्या कल्पना जाणार?" एवढा एक प्रश्न विचारला तरी वहीत आपल्या पोराचे नाव पडण्याची शक्यता वाढते. आणि मुलाचे बँक खाते आधीच उघडून ठेवावे, नाहीतर ऐन वेळी धावपळ होते.

महाविद्यालयात गेलेल्यांसाठी आपल्या राज्यात "आविष्कार" आहे. कुलपती म्हणजे राज्यपाल यांच्या कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ साली हे आंतरविद्यापीठ संशोधन अधिवेशन सुरू झाले. यात सहा गट असतात, त्यातला एक खास कृषी आणि पशुसंवर्धनाचा. पदवीचे, पदव्युत्तर आणि पीएच.डी.चे विद्यार्थी वेगवेगळ्या पातळीवर उतरतात. आधी भित्तिपत्रक लावून समजावून सांगायचे, त्यातून निवडले गेले तर व्यासपीठावर. शिवाजी विद्यापीठाच्या फेऱ्या आपल्या कोल्हापूर, सांगली, सातारा जिल्ह्यांत होतात. पशुवैद्यकीय महाविद्यालये नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात, त्यांचा संघ वेगळा. याशिवाय भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने "कृतज्ञ" नावाची देशपातळीवरची स्पर्धा घेतली. तिची २०२१-२२ सालची फेरी खास पशुविज्ञानासाठी होती. सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेला केंद्र सरकारने नव्या उद्योजकांसाठीही अशीच एक स्पर्धा जाहीर केली, त्यात दुधातील भेसळ, हिरवा चारा, प्लॅस्टिकला पर्याय असे विषय होते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात २०१७ पासून पशुआरोग्याची स्पर्धा होते, तिथे वैद्यकाची, इंजिनिअरिंगची आणि व्यापाराची मुले एकत्र बसून शनिवार-रविवारात उपाय शोधतात. (बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ शिकले ते न्यूयॉर्क शहरात, हे कॉर्नेल त्याच राज्यात इथाका गावी. आपल्या पोरांनी नकाशात शोधून पाहावे.)

स्पर्धांची नावे पुष्कळ आहेत, सगळी पाठ करण्याचे कारण नाही. बक्षिसाचे विषय कोणते निघतात, ते पाहण्यासारखे आहे.

आम्ही अशी तीन-चार प्रदर्शने हिंडून पाहिली. खरे सांगायचे तर निम्म्या टेबलांवर लुकलुकणारे दिवे आणि मोबाईलवर संदेश पाठवणारे पट्टे असतात. म्हशीच्या गळ्यात पट्टा, पायात पट्टा, कानात बिल्ला. यातले काही खरोखर कामाचे आहे, नाही असे नाही. म्हैस माजावर आली की गाईसारखी हंबरत, उड्या मारत नाही. तिचा माज मुका असतो आणि उन्हाळ्यात तर कळतच नाही. एक माज चुकला की साधारण एकवीस दिवस वाया. म्हशीचे गाभणपणच सव्वादहा महिन्यांचे, त्यात असे दोन-तीन माज हुकले तर गरिबाच्या घरात दूध कमी आणि उधारी जास्त. माजावरचे जनावर एरवीपेक्षा अधिक चालते, म्हणून पायातल्या पट्ट्याने पावले मोजून माज ओळखता येतो, ही युक्ती पक्की आहे. पण ज्या घरी एकच म्हैस, तिथे हजारो रुपयांचा पट्टा कोण घेणार? परीक्षकांनी हा प्रश्न विचारलेला आम्ही फार कमी वेळा ऐकला. दिव्याकडे डोळे आधी जातात, हे खरे.

याउलट आमच्या मनात भरतात त्या साध्या गोष्टी. कासदाहाचे उदाहरण घ्या. गावात याला "दगडी" म्हणतात. सड घट्ट होतो, दुधात गाठी येतात, आणि तोवर नुकसान होऊन गेलेले असते. गाठी दिसायच्या आधी रोग ओळखण्याची एक चाचणी १९५७ साली कॅलिफोर्नियात निघाली. चार वाट्यांच्या तबकडीत चारही सडांचे थोडे थोडे दूध घ्यायचे, तेवढेच औषध घालून फिरवायचे. बिघडलेल्या सडाच्या दुधात पांढऱ्या पेशी फार असतात. औषध त्या पेशी फोडते आणि आतला चिकट ऐवज बाहेर पडून दूध बुळबुळीत, जेलीसारखे होते. आता हे औषध म्हणजे काय, तर एक प्रकारचा साबणच! म्हणून पुढे पाकिस्तानातल्या पशुवैद्यांनी साध्या कपडे धुण्याच्या पावडरीचे शेकडा तीन प्रमाणाचे द्रावण वापरून तीच परीक्षा होते हे दाखवले. अर्धा लिटर पाण्यात पंधरा ग्रॅम पावडर. आपल्या घरात ती असतेच. (तपासलेले दूध मात्र फेकून द्यायचे, हे सांगायला नको.) असल्या कल्पनेला दिवा नाही, आवाज नाही, पण गोकुळला किंवा वारणेला दूध घालणाऱ्या बाईच्या ती उद्यापासून कामाला येते.

तसेच उसाच्या वाढ्यांचे. आपल्याकडे गळीत हंगामात तोडणीवाल्यांकडून वाढे विकत घ्यायचे आणि चार महिने जनावराला तेच घालायचे, ही सर्रास चाल. वाढ्यांत ऑक्झॅलेट असते. ते चाऱ्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, पोटातच बांधून ठेवते. जनावराला मिळत नाही. मग दूध घटते, व्यालेली म्हैस थंड पडून बसते, हाडे ठिसूळ होतात. उपाय म्हणून चुन्याची निवळी वाढ्यांवर शिंपडायला सांगतात. किती शिंपडावी, किती वेळ ठेवावे, कोणत्या महिन्यात दुधाचा फॅट किती सुधारतो, हे कोल्हापूरच्याच गोठ्यात मोजून दाखवणे हा आविष्कारासाठी पुरेसा विषय आहे. त्याला लागते काय? वही, तराजू, सकाळ-संध्याकाळचे मोजमाप आणि चिकाटी. यातली चिकाटी आपल्या घरात कमी नाही.

आपल्या घरांची एक अडचण मात्र आम्ही जाणतो. जमीन नाही, म्हणून गोठा नाही. असलीच तर एखादी म्हैस, दोन शेळ्या, चार कोंबड्या. प्रयोगाला दहा जनावरे लागतात, ती दुसऱ्याच्या दारात जाऊन मागावी लागतात. ज्या दारात आजोबा मेलेले जनावर न्यायला गेले, तिथे नातवंडाने जिवंत जनावराची शेपटी धरायला परवानगी मागायची, हे सोपे नाही. त्यापेक्षा शेळीवर काम करावे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात जवळजवळ पंधरा कोटी शेळ्या मोजल्या गेल्या, म्हशींपेक्षा चार कोटींनी जास्त. आणि स्पर्धेत पाहावे तर शेळीचे टेबल क्वचित. गरिबाच्या जनावराकडे संशोधकाचेही लक्ष उशिरा जाते. आपल्या पोरांना ही जागा मोकळी आहे.

आणखी एक सावधगिरी, आणि ही आम्ही पोटतिडकीने सांगत आहोत. आमच्या माहितीतला एक मुलगा. त्याचे महाविद्यालय आम्ही सांगत नाही, तिथे अजून आपली मुले शिकत आहेत. तिघांच्या गटात त्याने रात्र-रात्र जागून कोंबड्यांच्या खुराड्यातल्या उष्णतेची नोंद ठेवली, यंत्र जोडले, भित्तिपत्रकही त्याच्याच हातचे. पुढच्या फेरीला दोनच नावे पाठवायची म्हटल्यावर त्याचे नाव गळाले. कारण सांगितले, की तो बोलायला बुजतो. मॉडेल मात्र त्यालाच उचलून न्यायला लावले. पोरगा घरी येऊन तीन दिवस जेवला नाही. आईने आम्हाला विचारले, "साहेब, आमच्या पोराच्या नशिबाला ओझीच हैत काय?" तेव्हा आम्हाला उत्तर सुचले नाही, आजही धड सुचत नाही. पण त्यानंतर आम्ही भेटेल त्या विद्यार्थ्याला सांगतो. पहिल्या दिवसापासून तारीख घालून रोजवही ठेव. दर आठवड्याला मार्गदर्शक शिक्षकांची सही घे. गटात कोणी काय केले ते कागदावर असू दे. आणि बोलायची तयारी कर. आरशासमोर नको, वस्तीतल्या विहारात चार बायाबापड्यांना समजावून सांग. त्यांना समजले तर परीक्षकांना समजायला काय अडचण? इंग्रजी अडले तर मराठीत बोल. कोल्हापूरचे परीक्षक काही विलायतेहून येत नाहीत.

आता आजी, शेवटचे. शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९८८ सालचे. पुण्याला जाणारी एस.टी. ज्या हमरस्त्याने जाते त्याच रस्त्यावर, सातारा जिल्ह्यात, नीरा नदीच्या बाजूला. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याला हेच सरकारी महाविद्यालय जवळ. शिक्षण साडेपाच वर्षांचे, त्यातले शेवटचे वर्ष दवाखान्यात आणि गोठ्यांतून प्रत्यक्ष काम. २०२२ साली लम्पीची साथ आली, गाई-बैलांच्या अंगभर गाठी उठल्या, तेव्हा या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींनाही राज्य सरकारने लसीकरणाला उतरवले होते. मुली यात मागे नव्हत्या. तुमची नात जाईल त्या वर्गात तुम्हाला वाटते त्याहून पुष्कळ अधिक मुली असतील.

खर्चाचे म्हणाल तर अनुसूचित जातीला तेरा टक्के जागा आहेत, त्यात आपण बौद्ध येतो. घरचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते, त्याहून जास्त असेल तर फी माफीची वेगळी सवलत आहे. तुमच्या मुलाचा फौंड्रीतला पगार कोणत्या बाजूला पडतो, ते तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यावरून ठरेल. तो दाखला आजच मागून घ्यावा. पण या सगळ्याआधी एक कागद लागतो. जात वैधता प्रमाणपत्र. त्याच्यावाचून राखीव जागेवरचा प्रवेश टिकत नाही, आणि दरवर्षी आपली हुशार मुले नेमकी इथेच अडकतात. नातीच्या वडिलांचे किंवा चुलत्याचे आधीच निघालेले असेल तर काम लवकर होते. नसेल तर १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा शोधावा लागतो.

तुम्ही लिहिले आहे की तुमचे मालक शाळेत गेले नाहीत, म्हणजे शाळेचा जुना दाखला मिळणार नाही. पण त्यांचा जन्म चाळीसच्या आसपासचा असणार. त्या काळी गावच्या कोतवाल बुकात जन्म-मृत्यूची नोंद होत असे. त्यात मुलाचे नाव बहुधा नसते. बापाचे नाव, त्याची जात आणि "मुलगा" किंवा "मुलगी" एवढेच असते. ही जुनी दप्तरे तालुक्याच्या कचेरीत अभिलेख कक्षात ठेवलेली असतात. गावाचे नाव आणि अंदाजे साल घालून अर्ज दिला, ठरलेली फी भरली, की ते शोधून शिक्क्याची नक्कल देतात. तेव्हा मुलाला एक दिवस रजा काढायला सांगा आणि हातकणंगल्याला पाठवा. शोधायचे नाव तुमच्या सासऱ्यांचे. नाव, बापाचे नाव आणि त्यांच्या चार मुलांत तुमचे मालक कितवे, हे तुमच्याशिवाय आता कोणाला सांगता यायचे नाही. ते नातीला आजच लिहून द्या. ती तुमचा शब्द बदलत नाही, हे आम्ही पाहिलेच आहे.